चार बोटं बाजूला

"तो हात तुझ्या आईचाच आहे. माझा नाही, कॅमेऱ्याचा नाही. आणि आवाज खाली. हे दुकान आहे, तुमची गल्ली नाही."

"गल्ली काढू नका, काका. फोटो काढा."

"काढलाय की. समोर लावलाय. सगळ्या तासगावानं बघितलाय. तूपण बघितलास."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मगदूमच्या फोटोच्या दुकानात भर दुपारी आम्ही दोघंच होतो. तो काउंटरच्या आत, मी बाहेर, आणि मधे स्टँडवर तो फोटो. दोन फूट बाय तीन फूट. त्यात माझी आई, सारिका खराडे, रेडेकरांच्या लग्नात दागिन्याच्या पेटीत हात घालून उभी.

त्या दुपारच्या अकरा दिवस आधीची गोष्ट. आई लग्नात नऊवारी नेसवते. पहाटे पाचला हॉलवर जायचं आणि नवरी, करवल्या, मावश्या, आत्या, सगळ्यांना उभ्यानं नेसवून काढायचं. तिनं नेसवलेला काष्टा वरातीत नाचलं तरी सुटत नाही म्हणतात. त्या दिवशी रेडेकरबाईंनी सुनेला ओटीबरोबर चपलाहाराची पेटी दिली. पेटी टेबलावर उघडी ठेवलेली, सगळ्यांना लांबून सोनेरी दिसावी म्हणून; लग्नाच्या गर्दीत जवळ जाऊन कोणी बघितली नाही. जेवणं झाल्यावर बघितलं तर पेटी रिकामी.

मग मगदूमनं हा फोटो दिला.

आता फोटोला एवढा मान का, ते सांगतो. साध्या सपाट फोटोवर विश्वास ठेवणं बंद होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली. कोणाचंही डोकं कोणाच्याही धडावर बसवता येतं, मग कोण विश्वास ठेवणार. म्हणून मोहोरेचे खोलफोटो आले. त्या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, साडेसहा सेंटीमीटरवर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर. एका झटक्यात दोन फोटो निघतात आणि कॅमेरा दोन्हींवर आतूनच मोहोर मारतो. नंतर काही घातलं-पुसलं की मोहोर तुटते. उजेड कमीजास्त केला, कडा कापल्या, फोटो आरशासारखा फिरवला, तर तुटत नाही, कारण त्यात नवीन काही घातलेलं नसतं. असा फोटो पोलीस मानतात, विमावाले मानतात. आमच्याकडं तर म्हणच पडलीय, खोल दिसलं ते खरं.

आणि खोल दिसतं कसं? अंगठा नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा उडी मारतो, मागची भिंत जवळजवळ हलत नाही. जवळची वस्तू दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसते, लांबची जवळपास एकाच ठिकाणी. तो फरक आपलं डोकं आपल्याला न विचारता मोजतं आणि सांगतं, हे पुढं, ते मागं. फोटोवर उभ्या रेघांची फिल्म चिकटवलेली असते. प्रत्येक रेघ म्हणजे बारीक भिंग, आणि तिच्याखाली दोन पट्ट्या, एक डाव्या डोळ्याच्या फोटोची, एक उजव्या. भिंग ज्याची पट्टी त्याच्या डोळ्याकडं पाठवतं. फक्त जागा बरोबर पाहिजे. म्हणून फोटोसमोर फरशीवर दोन पावलं रंगवलेली असतात आणि वर पाटी, 'पावलांवर उभे राहूनच पाहावे.'

पहिल्या दिवशी मीपण त्या पावलांवर उभा राहिलो होतो. एका बाजूला रेडेकरबाई उजव्या हातानं सुनेची ओटी भरतायत. पुढं पेटी, सोनेरी, तिच्यात हार फुगून वर आलेला. पेटीच्या काठाशी आईची बोटं गायब. आत गेलेली. आणि आईचा तोच चेहरा, काम करताना ओठ दाबलेला.

घरी येऊन मी आईला विचारलं होतं, "घेतलास का?"

ती तांदूळ निवडत होती. ती खाली मान घालून निवडतच राहिली. त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी जेवलास का आणि दार लाव एवढंच बोलली.

तर मगदूमच्या दुकानात. "बघ ना अजून एकदा," तो म्हणाला. "पोट भरून बघ. चार वाजता हॉलवर माफीच्या कागदावर सही करणार आहे ती. रेडेकरबाई मोठ्या मनाच्या, पोलिसांत गेल्या नाहीत. दुसरं कोण असतं तर..."

"काका, तोंड सांभाळा."

"चोराच्या उलट्या बोंबा. उभा राहा तिथं. पावलांवर."

मी उभा राहिलो. नववीत शाळा सोडली त्याचं कारण सांगत बसत नाही, पण हा मुलगा एका जागी उभा राहत नाही असं तीन सरांनी लिहून दिलेलं आहे. मी फोटोकडं बघत होतो आणि रागानं माझे पाय चालत होते. या पायावर, त्या पायावर. डोकं सरकलं असेल चार बोटं.

पेटीतला हार खाली बसला.

मी परत मधे आलो. हार वर. परत बाजूला. हार गेला, आणि त्याच्या जागी खाच. दागिन्याच्या पेटीत सॅटिनच्या गादीला हाराच्या आकाराची खाच असते, तशी. सोनेरी सॅटिन, रिकामी खाच. आणि आईचा हात पेटीच्या मागं, चांगला पाच-सहा फूट मागं. बोटं दिसत नव्हती, कारण पेटी त्यांच्या आड येत होती.

"काका, इकडून बघा. पेटी रिकामी आहे."

तो हसला. "आला मोठा शोध लावणारा. अरे, पावलं सोडली की सगळंच उलटं दिसतं. डाव्याचा फोटो उजव्या डोळ्यात जातो, उजव्याचा डाव्यात. खड्डा तिथं उंचवटा, मागचा पुढं. म्हणून तर पाटी लावलीय. वाचता येतं ना?"

वाचता येतं. आणि त्याचं बरोबर होतं. शेजारी कुठल्यातरी बारशाचा फोटो होता, त्याच्यासमोर मी तसाच सरकलो, तर पाळणा भिंतीच्या मागं गेला. मी परत आईच्या फोटोसमोर आलो.

तेवढ्यात आईच्या खांद्याकडं लक्ष गेलं.

आई कामाला पंजाबी ड्रेस घालते, ओढणी कमरेला बांधते आणि खांद्यावर सेफ्टी पिनांची माळ लावते. आठ मोठ्या, सहा बारीक. डाव्या खांद्यावर. डाव्या हातात निऱ्या धरलेल्या असतात, उजव्या हातानं पिन ओढायची, म्हणून. मी दुसरीत असल्यापासून रोज पहाटे ती माळ बघतोय. तिच्या प्रत्येक ड्रेसला डाव्या खांद्यावर भोकं आहेत.

फोटोत पिना उजव्या खांद्यावर होत्या.

"काका, हा फोटो फिरवलाय तुम्ही."

तो काउंटरवरचं फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. "मिरर मारलाय," तो म्हणाला. "मग? सगळे मारतात. रेडेकरबाई डावऱ्या आहेत. डाव्या हातानं ओटी भरलेला फोटो कोण लावतं भिंतीवर? बारा वर्षं करतोय मी. डाव्या हातानं प्रसाद, डाव्या हातानं आहेर, सगळं मिरर. लोक खूश. मोहोर पण तुटत नाही. फोटोत काय फरक पडतो?"

"दोन्ही फोटो फिरवले?"

"दोन्ही."

"आणि डाव्या डोळ्याचा उजव्याला दिला, उजव्याचा डाव्याला?"

त्याचं फडकं थांबलं.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. जवळची वस्तू डाव्या डोळ्याला उजवीकडं सरकलेली दिसते. आरशासारखं फिरवलं की ती डावीकडं सरकते. पण डाव्या डोळ्याला डावीकडं सरकलेली वस्तू म्हणजे लांबची वस्तू. म्हणजे नुसतं फिरवून डोळे बदलले नाहीत तर जवळचं लांब जातं, लांबचं जवळ येतं. खाच हार होते. मागचा हात पुढं येतो. या फोटोत पावलांवर उभं राहिलं की खोटं दिसत होतं आणि पावलं सोडली की खरं. मग बारा वर्षं कोणाला कळलं का नाही? कारण लोक फोटोत चेहरे बघतात, आणि चेहरा आत दबलेला असेल हे माणसाचं डोकं मानतच नाही. कितीही उलटं दाखवा, नाक पुढंच दिसतं.

"हे तुम्ही चार वाजता हॉलवर सांगायचं," मी म्हणालो.

"काय सांगायचं? मी काय बोललोच नाही." त्यानं फडकं खिशात घातलं. "रेडेकरबाई डावऱ्या आहेत असं मी म्हणालो? कोणी ऐकलं? बारा वर्षांचे फोटो आहेत माझे गावात. तुझ्या आईसाठी मी माझं दुकान बंद करू? नेसवणारी बाई, आज हिच्या लग्नात, उद्या तिच्या. तिच्या नावाला असं काय मोठं..."

काउंटरची काच फुटली. मीच फोडली. त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

घरी आई सहीला निघायची तयारी करत होती. चांगली साडी काढली होती. पिनांचा डबा उघडा होता आणि ती त्या आकाराप्रमाणं लावून ठेवत होती, परत लागणार नसल्यासारख्या.

मी एका दमात सगळं सांगितलं. पिना, खाच, मिरर, डावा हात. ती ऐकत होती, हात चालू होते.

"आई, सही करू नकोस."

"कागदावर चार ओळी आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली, परत होणार नाही. संपलं की मी माहेरी जाऊन राहते थोडे दिवस. तुझे पप्पा लांबच्या फेरीवरून गाडी घेऊन आले की त्यांना सांग."

"पण तू घेतलाच नाहीस ना."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "ते नऊ दिवसांपूर्वी बोलायला पाहिजे होतंस. बाहेरच्यांशी भांडले असते रे मी. रेडेकरबाईंच्या दारात बसले असते. पण पोटच्या पोरानं तो फोटो बघून घरी येऊन विचारलं, घेतलास का. मग म्हटलं, याला खरं वाटतंय तर बाकीच्यांना काय सांगायचं."

मला एखाद्याच्या कानाखाली मारावीशी वाटली. समोर आईच होती आणि मी होतो. मग मी मगदूमचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. त्यानं माझ्या तोंडून ते वदवून घेतलं होतं. माझ्या तोंडून. हार गेला असता तर परत करता आला असता. हे कसं परत करायचं?

"चल," मी म्हणालो. "मी येतो बरोबर. तोंड उघडणार नाही."

मी खोटं बोललो.

हॉलवर वीसेक माणसं होती. मॅनेजर, आचारी, रेडेकरांकडच्या बायका, आईच्या बरोबरीनं मेंदी काढणारी एक ताई. स्टँडवर तोच फोटो, पुढं चुन्यानं काढलेली पावलं. मगदूम बाजूला उभा होता, माझ्याकडं न बघता. टेबलावर कागद, पेन, आणि ताटात नारळ. रेडेकरबाईंनी नारळपण आणवला होता, आईनं माफी मागितल्यावर तिची ओटी भरून पाठवायचं म्हणून. मोठं मन दाखवायला.

"ये सारिका," बाई म्हणाल्या. "बैस. मनात काही ठेवू नकोस. चूक माणसाकडूनच होते."

उजव्या हातानं त्यांनी पेन पुढं केलं. सगळं उजव्या हातानं. पाणी उजव्या, पदर उजव्या. माझ्या डोळ्यांना मात्र दिसत होतं, उजवा हात जरा उशिरा उठत होता, पाहुण्यासमोर शिकवल्यासारखा. साठ वर्षांच्या बाईला लहानपणी कोणीतरी त्या हातावर मार दिलेला असणार.

आईनं पेन घेतलं.

मी ताटातला नारळ उचलला. "बाई, झेला."

जोरात टाकला. थोडा जास्तच जोरात. बायका किंचाळल्या. नारळ बाईंच्या छातीवर बसला असता, पण बसला नाही. त्यांनी तो हवेत धरला, एका हातानं, पक्का, एखाद्या यष्टिरक्षकासारखा.

डाव्या हातानं.

मॅनेजरनं माझी कॉलर धरली. मी म्हणालो, "धरा, पण त्यांचा हात बघा, आणि मग फोटोतला हात बघा. फोटोत ओटी कुठल्या हातानं भरली जातेय? उजव्या. जिचा हात झेलायला पण डावा येतो, ती मुहूर्ताच्या गडबडीत उजव्यानं नारळ देईल? आणि माझ्या आईच्या पिना कुठल्या खांद्यावर आहेत विचारा. इथं हिच्याकडून नेसलेल्या किती जणी आहात?"

मेंदीवाली ताई पुढं आली. फोटोजवळ जाऊन तिनं बोट ठेवलं. "सारिकाताईंच्या पिना डाव्या खांद्यावर असतात," ती म्हणाली. "मला एकदा टोचलीय. मी डावीकडूनच गळ्यात पडले होते."

कोणीतरी हसलं. मॅनेजरचा हात ढिला झाला.

"मगदूमकाका, मिरर मारला का नाही? हो किंवा नाही."

मगदूम म्हणाला, "नेहमीची पद्धत आहे ती. त्यात नवीन काही..."

"बास. आता एकेक जण पावलांवर उभे राहा. मग चार बोटं बाजूला सरका. फिरवलेल्या फोटोत खरं तिथून दिसतं."

पहिली नवीन नवरी गेली, ऋतुजा. अजून हातावर मेंदी होती. पावलांवर उभी राहिली, मग हळूच सरकली. परत मधे. परत बाजूला. मग तिनं सासूकडं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "पेटी दिलीत तेव्हाच रिकामी होती."

रेडेकरबाईंच्या डाव्या हातात अजून नारळ होता. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचा होता तो हार. चाळीस वर्षं घातला. पेटीत ठेवला, झाकण लावलं, परत उघडलं. हात उठेना द्यायला, हार काढून कपाटात ठेवला. म्हटलं, गर्दीत हरवला म्हणून सांगू. कोणाचं नाव घेणार नव्हते मी. मग या मगदूमांनी फोटो आणला, आणि सगळे म्हणायला लागले, ही बघा, ही बघा. मलासुद्धा पावलांवर उभं राहिल्यावर हार पेटीत दिसला हो. मला वाटलं, मीच ठेवून विसरले की काय."

"आणि कपाटात हार दिसला तेव्हा?" मी विचारलं.

त्यांनी नारळ परत ताटात ठेवला.

"श्रेयस, पुरे," आई म्हणाली. तिनं सही न केलेला कागद उचलला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला. बाईंनी हात पुढं केला, "फाडून टाक गं तो."

"असू दे," आई म्हणाली. "तुमच्या अक्षरात आहे. जपून ठेवते."

याला आज पाच दिवस झाले. आईला कालपासून पुन्हा फोन यायला लागले. रेडेकरांच्या घरात काय चाललंय मला माहीत नाही, ऋतुजा बघून घेईल. माझा हिशेब मगदूमशी आहे. त्यानं दुकानावर कागद लावला, 'तांत्रिक कारणामुळे एका छायाचित्रात चूक.' एका. बारा वर्षांत एका.

परवा तो घरी आला. मोसंबी घेऊन. दारातच म्हणाला, "शेऱ्या, मुद्दाम नाही केलं रे. लोकांची लाज झाकायला करायचो. तू किती दिवस चालवणार हे?"

"तुम्ही बारा वर्षं चालवलंत."

"तुला कामाला ठेवतो. तुझी नजर चांगली आहे."

"तीच वापरतोय."

मी पाच दिवस गावात फिरून डावखुरी माणसं शोधली. चहाचा कप कुठल्या हातात, कुलूप कुठल्या हातानं उघडतात, लहान पोराच्या पाठीत कुठला हात बसतो. सत्तावीस घरं सापडली. प्रत्येक घरात भिंतीवर मगदूमचा मोहोरेचा फोटो. मी आत जातो, पावलांवर उभं राहायला सांगतो, चार बोटं बाजूला सरकवतो. एका घरात आजोबांच्या पंचाहत्तरीचा फोटो, सात वर्षं सगळे म्हणत होते धाकटा मुलगा मागं लांब उभा राहिला, रुसला होता. सरकल्यावर तो सगळ्यांत पुढं निघाला, आजोबांच्या खुर्चीला चिकटून. आजोबा गेले, त्याच्याशी न बोलता. त्या धाकट्यानं फोटो खिळ्यासकट उपटला. आज अकरा वाजता ही सगळी घरं आपापले फोटो घेऊन मगदूमच्या दुकानासमोर जमणार आहेत. मला त्याचा चेहरा बघायचाय, पावलांवर उभं राहून आणि सरकूनपण.

सकाळी मी यादी खिशात घालत होतो. आई पिना माळेत ओवत होती, आठ मोठ्या, सहा बारीक.

"कुठं निघालास?"

"मगदूमचा निकाल लावायला. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" तिनं शेवटची पिन लावली, डाव्या खांद्यावर. "फोटो त्यानं उलटा केला, ते कळलं. पण त्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. तू माझ्यासमोर उभा होतास, हाताच्या अंतरावर. मी तुला किती लांबची दिसत होते रे?"

मी यादी काढली, परत घडी घातली, परत खिशात ठेवली. सत्तावीस घरांत कुठं काय बोलायचं ते मला पाठ आहे. याचं काय बोलायचं ते नाही.

अकराला दहा कमी आहेत. खाली लोक हाका मारतायत. मला आता निघायला पाहिजे.